मराठवाड्यात राहून ब्लॅक अँड व्हाइट रोल कसा निवडावा आणि कुठून घ्यावा

घरातल्या कपाटात वडिलांचा किंवा मामांचा जुना कॅमेरा सापडतो, शटर अजून वाजतं, आणि मग प्रश्न पडतो की यात रोल कोणता घालायचा आणि तो मिळतो कुठे. इंटरनेटवर सल्ले भरपूर आहेत, पण ते बहुतेक थंड देशांतले, नाहीतर पुण्या-मुंबईतले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो, नळाला बोअरचं जड पाणी येतं, आणि कोपऱ्यावरचा स्टुडिओ रोल धुणं कधीच बंद करून बसलेला असतो. म्हणून इथे निवडीचा क्रमच वेगळा लागतो: आधी धुण्याची सोय, मग इथला उजेड, आणि कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी. मी याच क्रमाने लिहितो आहे.

१. कॅमेऱ्याला कोणता रोल लागतो ते बघा

मागचं झाकण उघडा. दातेरी चाकं दिसली आणि डाव्या बाजूला लहान डबीची खोबण असेल, तर तो ३५ मिलिमीटरचा कॅमेरा. त्याला १३५ लिहिलेला रोल लागतो. फोटो ३६ येतात, क्वचित २४ चा रोल मिळतो. पेंटॅक्स के१०००, झेनिट, निकॉन एफएम, यशिका इलेक्ट्रो हे सगळे यातले.

दाते नसतील आणि दोन्ही बाजूंना रुंद स्पूलच्या जागा असतील, तर बहुधा १२० चा रोल. घराघरांत असलेला आग्फा क्लिक थ्री आणि दोन भिंगांचे यशिका याच रोलवर चालतात. चौकोनी ६ बाय ६ सेंटीमीटरचे १२ फोटो येतात. इथे एक गोष्ट हमखास अडवते. १२० चा रोल एका स्पूलवरून सुटतो आणि दुसऱ्या रिकाम्या स्पूलवर गुंडाळला जातो. जुन्या कॅमेऱ्यात हा रिकामा स्पूल बऱ्याचदा नसतोच. रोल मागवताना तोही मागवा, नाहीतर हातात रोल असूनही फोटो काढता येणार नाही. आत ६२० किंवा १२७ असं कोरलेलं दिसलं, तर पहिल्या प्रयोगासाठी तो कॅमेरा बाजूला ठेवा आणि दुसरा शोधा.

२. रोल घेण्याआधी तो धुणार कोण हे पक्कं करा

सगळ्यात जास्त रोल इथेच वाया जातात.

रंगीत रोल सी-४१ नावाच्या प्रक्रियेत धुतात. नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइट रोलची प्रक्रिया पूर्ण वेगळी असते. त्याच्या फोटोतला काळेपणा म्हणजे खरीखुरी चांदी. सी-४१ मध्ये ही चांदी काढून टाकण्याचा एक टप्पा असतो, कारण रंगीत रोलचं चित्र चांदीत नसून रंगद्रव्यात असतं. ब्लॅक अँड व्हाइट रोल चुकून त्या मशीनमध्ये गेला की चांदी निघून जाते आणि हातात कोरी, आरपार दिसणारी पट्टी येते. त्यातून काहीही परत मिळवता येत नाही. काउंटरवरचा पोरगा "होतो की, टाका" म्हणाला म्हणून निर्धास्त होऊ नका. "ब्लॅक अँड व्हाइटचं केमिकल वेगळं ठेवता का? कोणतं डेव्हलपर वापरता?" एवढं विचारा (डेव्हलपर म्हणजे रोलवरचं चित्र उमटवणारं रसायन). उत्तर आलं नाही तर रोल परत खिशात घाला.

मग तुमच्यापुढे तीन वाटा उरतात.

पहिली, कुरिअरने मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवणं. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरू इथे असं काम घेणारे आहेत. पाठवण्याआधी फोनवर तीन गोष्टी ठरवा: धुण्याचे पैसे, स्कॅनचे पैसे आणि निगेटिव्ह परत मिळणार का. हा तिसरा प्रश्न विसरू नका. काही ठिकाणी फक्त स्कॅन पाठवतात आणि निगेटिव्ह तिथेच पडून राहते. खरी वस्तू निगेटिव्ह आहे. स्कॅन पुन्हा काढता येतो.

दुसरी, घरी धुणं. रोल धुण्याची लहान टाकी, थर्मामीटर आणि तीन-चार बाटल्या एवढ्यात भागतं. अंधारी खोली फक्त रोल टाकीत भरण्यापुरती लागते. मला विचाराल तर मराठवाड्यात राहणाऱ्याने वर्षभरात या वाटेवर यावंच, कारण कुरिअरचा खर्च आणि वाट बघणं यात हौस मरते.

तिसरी वाट इलफर्ड एक्सपी२ सुपर या रोलची. हा ब्लॅक अँड व्हाइट आहे, पण मुद्दाम सी-४१ मध्ये धुता येईल असा बनवला आहे. जवळपास रंगीत रोल धुणारी लॅब चालू असेल तर याने सुरुवात करायला हरकत नाही.

एका रोलचा खर्च काढताना रोलची किंमत, धुणं, स्कॅन आणि दोन्हीकडचं कुरिअर यांची बेरीज करा आणि ३६ ने भागा. हा आकडा आधीच माहीत असला की बटण दाबताना हात आपोआप सावरतो.

३. डब्यावरचं नीट वाचा

डब्यावर ४००/२७° असं काहीतरी छापलेलं असतं. तो २७ अंश म्हणजे तापमान नव्हे. उजेडाची संवेदनशीलता मोजायची ती जुनी जर्मन पद्धत आहे. आपल्या कामाचा आकडा पहिला, आयएसओचा. जुने स्टुडिओवाले त्याला एएसए म्हणतात, आकडा तोच.

बाजूच्या पट्टीवर मुदतीचा महिना आणि वर्ष असतं. ताज्या रोलला निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी. डबीवर काळे-चंदेरी चौकोन दिसले तर तो डीएक्स कोड; ऑटोमॅटिक कॅमेरे त्यावरून आयएसओ ओळखतात. तुमच्या ३५ मिलिमीटरच्या ऑटोमॅटिक कॅमेऱ्यावर आयएसओची फिरती चकती नसेल, तर हे चौकोन असलेलाच रोल घ्या.

४. इथल्या उजेडाला किती आयएसओ लागतो

"नवशिक्याने ४०० घ्यावा" हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. ढगाळ देशात तो बरोबर असेल. आपल्या दुपारी त्याचं काय होतं ते बघा.

लख्ख उन्हासाठी जुना नियम असा: ॲपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेड आत घेणारं भोक, एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ १०० ला साधारण १/१२५, ४०० ला १/५००. झेनिट किंवा यशिका इलेक्ट्रोचं सर्वांत वेगवान शटर १/५०० च आहे. म्हणजे ४०० चा रोल घालून तुम्ही दुपारी शेतात उभे राहिलात, तर कॅमेरा आधीच शेवटच्या टोकाला पोचलेला असतो. मागचं धूसर करावं, भिंग थोडं उघडावं, यातलं काहीच करता येत नाही. आग्फा क्लिकमध्ये तर शटर संथ आणि बदलायची सोय जवळपास नाही. त्यात १०० च घाला.

म्हणून माझा हिशोब असा. फेब्रुवारी ते मे, उघड्यावर, बाजारात, शेतात: १०० किंवा १२५. पावसाळ्यात, घरात, देवळाच्या सभामंडपात, संध्याकाळच्या आठवडी बाजारात: ४००.

लेण्यांचा विचार वेगळा करावा लागतो. वेरूळचं कैलास लेणं उघड्यावर आहे, तिथे १०० चालतो. पण अजिंठ्याच्या आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला आहे, फ्लॅशला बंदी आहे आणि तिपाईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तिथे ४०० चा रोल १६०० समजून वापरावा लागतो. याला पुश करणं म्हणतात. चकती १६०० वर ठेवायची, अख्खा रोल तसाच काढायचा आणि धुताना वेळ वाढवायचा. अर्धा रोल ४०० ने आणि अर्धा १६०० ने काढता येत नाही, कारण धुणं सगळ्या रोलचं एकदमच होतं. डबीवर मार्करने "१६००" लिहा आणि लॅबला सांगा. जाण्याआधी एवढं लक्षात असू द्या: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याची चित्रं उतरवून घेणाऱ्या रॉबर्ट गिल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात याच लेण्यांचे फोटो त्या काळच्या संथ काचांवर काढले. तो किती वेळ उघडं भिंग घेऊन बसला असेल, याचा विचार तिथे उभं राहिल्यावर मनात येतोच.

आता उन्हातली खरी अडचण सांगतो. कापूस वेचणारी बाई समोर आहे असं धरा. कमरेच्या ओटीत पांढराशुभ्र कापूस, पायाखाली काळी जमीन, आणि पदर कपाळावर ओढलेला असल्याने चेहरा पूर्ण सावलीत. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर कापूस बघतो आणि उजेड कमी करतो. फोटोत कापूस छान येतो आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग. निगेटिव्ह रोल जास्त उजेड बराच सहन करतो, पण सावलीत पुरेसा उजेड पोचला नाही तर तिथे पट्टीवर काही उमटतच नाही आणि नंतर कोणी ते आणू शकत नाही. म्हणून मीटर चेहऱ्याजवळ नेऊन मोजा. ते जमत नसेल तर स्वतःचा तळहात सावलीत धरा, त्यावर मोजा आणि वाचन आलं त्यापेक्षा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त द्या. बीबी का मकबऱ्यासमोरही हेच: पांढऱ्या इमारतीला मीटर फसतो, एक स्टॉप जास्त द्या.

रंगांचंही ध्यानात घ्या. पोळ्याला बैलावर लाल झूल आणि मागे हिरवं शिवार, डोळ्याला झगझगीत दिसतं. रोलवर दोन्ही जवळपास एकाच करड्या रंगात उतरतात. नारिंगी फिल्टर लावला तर लाल उजळतो, हिरवा लावला तर लाल गडद होतो, आणि झूल शिवारातून सुटी होते. पिवळा फिल्टर निळं आकाश गडद करून ढग उठावदार करतो, पण आपलं एप्रिल-मेमधलं धुळकट पांढरं आकाश त्याला दाद देत नाही. पाऊस उघडल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावून बघा. फिल्टर उजेड खातो: पिवळा साधारण एक स्टॉप, नारिंगी दोन, लाल तीन.

५. आता कंपनी

आपल्याकडे ऊटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, त्याचे "इंदू" नावाचे रोल जुन्या छायाचित्रकारांनी वापरलेले आहेत. तो बंद पडला. आज बाजारात ताजा ब्लॅक अँड व्हाइट रोल म्हणजे परदेशी माल, त्यामुळे भाव डॉलरसोबत हलतात आणि मधूनच एखादा रोल दोन-दोन महिने दिसत नाही.

स्वस्तात केंटमिअर १०० आणि ४०० घ्या. इंग्लंडमध्ये इलफर्डचे रोल करणारी कंपनीच हे करते. रात्रीच्या दिव्यांभोवती थोडं वलय येतं, बाकी तक्रार नाही. शिकण्यासाठी माझी पहिली शिफारस हीच.

चेक प्रजासत्ताकातले फोमापॅनही स्वस्त आहेत. १०० चा रोल सुंदर आहे. ४०० वर मात्र आकड्याइतका विश्वास ठेवू नका; चकती २०० वर ठेवली तर सावल्या नीट येतात. आणि तिपाईवर लांब एक्स्पोजर देणार, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवणार असाल तर फोमापॅन १०० टाळा. मंद उजेडात तो फार सुस्त होतो: मीटर १० सेकंद म्हणाला, तर कंपनीच्याच तक्त्याप्रमाणे ८० सेकंद द्यावे लागतात.

इलफर्ड एचपी५ प्लस हा ४०० चा रोल चुका पोटात घालतो आणि पुश केलेला उत्तम चालतो. अजिंठ्याला हाच न्या. एफपी४ प्लस १२५ चा, आपल्या उन्हाला अगदी योग्य. कोडॅकचा ट्राय-एक्स ४०० हा ३५ मिलिमीटरमध्ये १९५४ पासून आहे, वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचा आवडता. पण आपल्याकडे बहुधा महाग पडतो. कोडॅकचा टी-मॅक्स आणि इलफर्डचा डेल्टा बारीक कणांचे, नितळ. मात्र धुण्यातली ढिलाई त्यांना खपत नाही. ते पुढच्या वर्षी.

नावांच्या मागे फार पळू नका. एक १०० चा, एक ४०० चा, असे दोन रोल ठरवा आणि दर वेळी तेच घ्या. रोल बदलत राहिलात तर फोटो बिघडला तो उजेडाने, धुण्याने की रोलने, हे कधीच कळणार नाही.

६. कुठून घ्यावा, आणि कुठे जपून राहावं

बहुतेक खरेदी ऑनलाइनच होते. मुंबईला जाणं झालंच तर फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे हातात घेऊन घेता येतं. दोन-तीन मित्र मिळून एकदम मागवा, कुरिअरचा खर्च वाटला जातो. परदेशातून थेट मागवणार असाल तर वर सीमाशुल्क लागू शकतं, ते धरूनच हिशोब करा.

जुन्या स्टुडिओत काचेच्या कपाटात मुदत संपलेले रोल सापडतात. दुकानदार प्रेमाने स्वस्तात देतो. पण ते कपाट रस्त्याकडे तोंड करून असेल, तर त्या रोलने कित्येक उन्हाळे सोसलेले आहेत. पट्टी धूसर, करडी येणार. खेळायला घ्या, आणि दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त उजेड द्या. लग्नाला किंवा आजीच्या फोटोला असा रोल कधीच घालू नका.

दुसरा प्रकार म्हणजे सिनेमाच्या मोठ्या रोलमधून कापून डबीत भरलेला माल. कोडॅकचा डबल-एक्स हा सिनेमाचा ब्लॅक अँड व्हाइट रोल असाच मिळतो, आणि तो चांगला आहे. पण डबी पुन्हा वापरलेली असते, डीएक्स कोड नसतो किंवा चुकीचा असतो. विकणाऱ्याला रोलचं मूळ नाव आणि भरल्याची तारीख विचारा. नुसतं "सिनेमा फिल्म, ब्लॅक अँड व्हाइट" एवढंच सांगत असेल तर नको. धुण्याचा वेळ मूळ नावावरच ठरतो.

७. उन्हाळा

मागवायचं ते फेब्रुवारीच्या आत मागवा. मे महिन्यात कुरिअरची पेटी गाडीत आणि गोदामात भाजत येते. आलेला रोल डबीसकट, हवाबंद पिशवीत घालून फ्रिजच्या दारात ठेवा. वापरायच्या आधी बाहेर काढा आणि तास-दीड तास पिशवी उघडू नका. थंड रोलला गरम हवा लागली की त्यावर पाणी धरतं. वीज चार तास गेली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते गाडीच्या डिकीत विसरलेल्या कॅमेऱ्यात.

रोल भरताना आणि काढताना सावलीत जा. झाड नसेल तर उन्हाकडे पाठ करून आपल्याच सावलीत भरा. विमानाने जाणार असाल तर रोल चेक-इन सामानात टाकू नका. हातातल्या बॅगेत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा.

८. घरी धुणार असाल तर लागणारं सामान

• झाकणाची डेव्हलपिंग टाकी आणि रीळ
• थर्मामीटर, अर्धा अंश दाखवणारा असला तर उत्तम
• डेव्हलपर: डी-७६ किंवा आयडी-११, दोन्ही जवळपास सारखेच
• फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन), आणि शेवटच्या पाण्यासाठी वेटिंग एजंट (पट्टीवर थेंब साचू न देणारं द्रव)
• मोजपात्र, काळ्या बाटल्या, कात्री, कपड्यांचे चिमटे
• निगेटिव्ह ठेवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि सिलिका जेलच्या पुड्या

९. इथल्या पाण्याने धुताना

रोल टाकीत भरताना खोलीत पूर्ण अंधार हवा. लाल दिवासुद्धा नको. स्टुडिओतला लाल दिवा कागदासाठी असतो. आजचे बहुतेक रोल लाल उजेडही टिपतात. रात्री, मोरीत, दाराखाली टॉवेल लावून हे काम होतं. आधी एखादा वाया गेलेला रोल घेऊन उजेडात रिळावर चढवायचा सराव करा, मग डोळे मिटून.

तक्त्यातले वेळ २० अंशांचे असतात. उन्हाळ्यात आपल्या घरावरच्या टाकीतलं पाणी ३० च्या वर असतं. बर्फाच्या पाण्याच्या बादलीत बाटल्या ठेवून २४ पर्यंत उतरवलं तरी चालतं, फक्त वेळ कमी करा: २० अंशांना १० मिनिटं असतील तर २४ ला साधारण ७. वेळ ५ मिनिटांच्या खाली गेला की डाग आणि पट्टे येतात. यासाठीच आपल्याकडे डेव्हलपर तेवढंच पाणी घालून, एकास एक वापरावा. वेळ लांबतो आणि ताबा राहतो. एचपी५ प्लसला आयडी-११ एकास एक, २० अंशांना १३ मिनिटं लागतात. २४ ला सुमारे ९. डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी यांच्या तापमानात फार फरक ठेवू नका, नाहीतर वरचा जिलेटिनचा थर सुरकुततो.

फिक्सर जिवंत आहे का हे दर वेळी तपासा. रोलच्या सुरुवातीची जीभ कापून निघालेला तुकडा फिक्सरमध्ये टाका. दुधाळ तुकडा किती वेळात आरपार दिसतो ते मोजा. त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. फार वेळ लागायला लागला तर नवा फिक्सर करा. वापरलेला फिक्सर झाडांना किंवा विहिरीकडे जाणाऱ्या नालीत ओतू नका, त्यात चांदी असते.

परदेशी पुस्तकांत रोल वाहत्या नळाखाली धुवा असं लिहिलेलं असतं. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं. आपल्याला ते परवडणारं नाही आणि त्याची गरजही नाही. इलफर्डने सांगितलेली पद्धत अशी: टाकी भरा, ५ वेळा उलटी-सुलटी करा, पाणी ओता. पुन्हा भरा, १० वेळा. पुन्हा भरा, २० वेळा. तीन टाक्या पाण्यात रोल स्वच्छ होतो.

शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको. क्षाराचे पांढरे ठिपके निगेटिव्हवर बसले की स्कॅनमध्ये चांदण्यांसारखे दिसतात आणि पुसून जात नाहीत. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात वेटिंग एजंटचे दोन-चार थेंब, त्यात रोल अर्धा मिनिट बुडवा आणि न पुसता टांगा. पंखा बंद, खिडकी बंद. उन्हाळ्यातली धूळ ओल्या पट्टीला चिकटली तर निघत नाही. रोल वाळला की सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापा, प्लास्टिकमध्ये घाला, प्रत्येकीवर महिना आणि रोलचं नाव लिहा, आणि पावसाळ्यात त्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुरशी लागत नाही.